नोंदवहीतली आमच्या गल्लीची ओळ

आई, तुला जाऊन सोळा वर्षं झाली आणि तुझ्यावरचा माझा राग अजून तसाच आहे. माणूस गेलं की राग निवतो, असं सगळे सांगतात. माझा नाही निवला. तुझ्या तिथीला मी सुरळीची वडी करते, तुला आवडायची म्हणून, आणि पान वाढताना मनात तुझ्याशी कडाकडा भांडत असते. आज ते भांडण कागदावर उतरवायला बसले आहे. सभ्य भाषेत लिहिणार नाही, हे आधीच सांगते. तुला खटकेल. खटकू दे.

तुझी ती सभ्य भाषा! तिच्यापायी मी लहानपणी किती रडलेय, आठवतं तुला? नागरवाड्यातल्या आपल्या घराच्या स्वयंपाकघरात तू भाकऱ्या भाजते आहेस, बाबा प्रतापनगरहून सायकलवर यायचे आहेत, आणि मी पाटावर वही ठेवून गल्लीतल्या बंद दिव्याबद्दल अर्ज लिहिते आहे. अकरा वर्षांची असेन. मी लिहिलं होतं, 'महिनाभर अंधार आहे, तुम्ही झोपा काढता का?' तू ओला हात पदराला पुसलास, कागद वाचलास आणि सरळ चुलीपाशी ठेवलास. म्हणालीस, "भांडखोर बाईसारखं लिहायचं नाही. आपण दरबारची माणसं." दरबारची! आपले पणजोबा या गुजराती मुलखातल्या मराठी राजाच्या पागेत घोड्यांना खरारा करत होते, दरबार त्यांनी बाहेरून पाहिला असेल तेवढाच. पण तुझ्यापुढे हे बोलायची सोय नव्हती. तीन वेळा लिहून घेतलंस. शेवटच्या अर्जात मी चक्क आभार मानले होते, न लागलेल्या दिव्याबद्दल. दिवा लागला दिवाळी उलटल्यावर. तरी तू विजयी मुद्रेनं म्हणालीस, "बघ, नीट बोललं की काम होतं."

आणि काम तरी तुला कसलं मिळालं होतं? मांडवीच्या अलीकडे पाणीखात्याची ती कचेरी, तिथली तक्रारीची खिडकी. एक टेबल, एक काळा फोन, एक लांबलचक नोंदवही. अर्ध्या गावाचा पाण्याचा संताप त्या फोनमधून तुझ्या कानात ओतला जायचा. कॉलेजातून परतताना मी कधीकधी तिथे येऊन बसायची. पलीकडचा माणूस इतका ओरडायचा की मला बाकावर ऐकू यायचं. तुमच्या साहेबाला हे पाणी पाजा, तुमच्या घरी हे प्यायला लागलं असतं तर कळलं असतं, आणि पुढचं लिहिण्यासारखं नाही. तू म्हणायचीस, "हा भाई. नोंधी लीधुं, भाई. थई जशे." नोंदवलंय, होऊन जाईल. आणि वहीत लिहायचीस तुझ्या मोत्यासारख्या गुजरातीत, 'पाणी ओछुं आवे छे, घटतुं करवा विनंती.' पाणी कमी येतंय, योग्य ते करावं ही विनंती. बोललेला माणूस घामाघूम, आणि कागदावर बघावं तर कोणी तरी पाहुणचाराला बोलवतंय. मी एकदा विचारलं, "तो असं म्हणालाच नाही, मग तू असं का लिहितेस?" तू म्हणालीस, "त्याचा राग आजच्यापुरता आहे. वही कायमची आहे." शिवाय तुझे साहेब. कोणाचा शब्द जरा तिखट उतरला की ते वही तुझ्या टेबलावर आपटत, "बेन, आवुं लखाय?", असं लिहितात का, म्हणून. म्हणजे त्यांचं डोकं थंड राहावं म्हणून तू सगळ्या गावाचं बोलणं थंड करत होतीस. वीस वर्षं केलंस ते. त्याला तू संस्कार म्हणायचीस.

मग खासगी टेलिफोनवाल्यांचे दिवस आले. जिथे तिथे रस्ते खणलेले, लाल-पांढऱ्या पट्ट्या आणि केबलची मोठमोठी रिळं. आपल्या गल्लीतही एका कंपनीच्या ठेकेदारानं चर खणला. दोन दिवसांत केबल टाकली, माती लोटली आणि माणसं गेली. चर खणताना गल्लीच्या मध्यावर पाण्याची जुनी नळी फुटली होती. गटाराची लाईन तिच्या हातभर खालून जाते, हे आपल्या गल्लीतली शेंबडी पोरंसुद्धा सांगतील. ठेकेदाराच्या माणसांनी सायकलच्या ट्यूबचे तुकडे गुंडाळून ती बांधली आणि बुजवली. त्याचं पत्र तुझ्या टेबलावर आलं. कंपनीचा रंगीत शिक्का, कॉम्प्युटरवर काढलेली अक्षरं, आदरपूर्वक कळवण्यात येते की किरकोळ नुकसान झाले होते, ते तात्काळ दुरुस्त करण्यात आले आहे, आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहोत. तू त्याची नक्कल घरी आणलीस, मला दाखवायला. "बघ, नवी माणसं आहेत, पण भाषा बघ काय आहे. आपल्या गल्लीतल्यांनी शिकावं." तुला ते पत्र इतकं आवडलं होतं की नळी खरंच सांधली का, हे चार पावलं चालून बघावं असं तुझ्या मनात आलं नाही. ठेकेदाराची आणि तुझी भाषा एकच होती, म्हणून तो तुला खरा वाटला. मला त्या ठेकेदाराचा जेवढा राग येतो, तेवढाच तू त्या पत्राचं कौतुक केलंस याचा येतो.

आपलं घर गल्लीच्या तोंडाशी, फुटल्या जागेच्या अलीकडे. आपल्या नळाला पाणी स्वच्छ होतं. काकूंचं घर आत, चौथं. काकू म्हणजे आपल्या शेजारच्या, ज्यांच्याकडे मी शाळेतून येऊन किल्ली मागायची आणि किल्लीबरोबर थालीपीठ खाऊन यायची त्या. घरात काकू, त्यांचा मुलगा, ज्याला मी दादा म्हणायची, आणि वहिनी. वहिनीला सातवा लागला होता. तिच्या डोहाळजेवणाला तू फुलांची वाडी स्वतःच्या हातानं गुंफलीस, गल्लीत तशी वाडी कोणाची झाली नव्हती. हे मी मुद्दाम लिहिते आहे, नाहीतर म्हणशील की तुझं चांगलं मला दिसतच नाही.

चर बुजवल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी काकूंकडे विरजण मागायला गेले होते. नळ नुकता आला होता. हंड्यात पाणी पडत होतं आणि सगळ्या स्वयंपाकघरात गटाराची घाण पसरली होती. वहिनी नाकाला पदर लावून दाराबाहेर उभी. काकू तोंडानं नुसत्या आग ओकत होत्या. म्हणाल्या, "लाव तुझ्या आईला फोन. सांग तिला, नळातून गू येतोय गू. आत्ताच्या आत्ता माणूस धाड म्हणावं." फोन त्यांच्या घरात होता, पण कचेरीच्या फोनवर तू मराठी बोलायची नाहीस आणि काकूंना फोनवर गुजराती बोलायचं म्हटलं की घाम फुटायचा, म्हणून तो मी लावला. कचेरी नुकती उघडली होती. पलीकडे तू. माझा आवाज तू ओळखलास आणि मी तुझा, तरी तू म्हणालीस, "बोलो बेन, शुं फरियाद छे?" पोटच्या मुलीला म्हणे, ताई, काय तक्रार आहे! नाव विचारलंस, गल्ली विचारलीस, जणू आपण जन्मात एकमेकींना पाहिलं नव्हतं. काकू माझ्या खांद्यामागून ओरडत होत्या, तुला ऐकू जात असणारच. तू म्हणालीस, "नोंधी लीधुं," आणि फोन ठेवलास. वहीत ओळ उतरली: 'पाणी थोडुं डहोळुं आवे छे, घटतुं करवा विनंती.' थोडं गढूळ येतंय. बस.

त्या संध्याकाळी तू घरी आलीस ती मला रागे भरत. "फोन तू का केलास? घरच्या माणसाची तक्रार नोंदवताना मला लाज वाटते. उद्या लोक म्हणतील, बेन आपल्या गल्लीचं आधी करते. काकूंना सांग, रांगेत थांबायचं." रांगेत! तिसऱ्या दिवशी लाईनमन आला. गढूळ पाण्याला त्यांच्याकडे एकच औषध होतं, गल्लीच्या टोकाचा वॉल्व्ह उघडून पाणी वाहू द्यायचं. त्यानं तेच केलं. काकू त्याच्या अंगावर धावल्या, तेव्हा हातातला कागद दाखवून म्हणाला, "माजी, डहोळुं लख्युं छे, एटले वॉल्व खोल्यो. हवे चोख्खुं." गढूळ लिहिलंय म्हणून वॉल्व्ह उघडला, आता स्वच्छ. दोन दिवस वास कमी झाला. मग पुन्हा यायला लागला, पण इतका बारीक की माणसाला त्याची सवय व्हावी. वहिनी पाणी गाळून प्यायची. गाळून! त्याच आठवड्यात तू मांडवीहून लिलो चेवडो, तो बटाट्याचा ओलसर चिवडा, आणला होतास. मी तो तेव्हापासून खात नाही. माझ्या घरी सगळ्यांना हे माहीत आहे, का ते कोणी विचारत नाही.

तीन आठवड्यांनी वहिनीचे डोळे पिवळे झाले. काकूंना वाटलं, दिवस भरत आलेत, अशक्तपणा आहे. दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, ही दूषित पाण्याची कावीळ आहे आणि पोटुशीला ती फार वाईट. पाचव्या दिवशी वहिनी गेली. बाळही गेलं. गल्लीत आणखी आठ-दहा घरांत कावीळ झाली, ती माणसं उठली. वहिनी तेवढी उठली नाही. तेवीस वर्षांची होती आई ती, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. तिनं मला साडी नेसायला शिकवलं होतं. तू ज्या पाटावर बसवून तिची वाडी भरलीस, त्याच पाटावर काकू नंतर कित्येक दिवस भिंतीला टेकून बसलेल्या असायच्या.

तेराव्यानंतर दादा आणि काकू तुझ्या कचेरीत आले. मीही गेले होते, काकूंनी माझा हात सोडला नाही म्हणून. दादाला भांडायचं नव्हतं. त्याला एवढाच एक कागद हवा होता, की आम्ही तुम्हाला वेळेवर सांगितलं होतं, पाण्याला गटाराचा वास आहे. साहेबांनी वही मागवली, आपल्या गल्लीची ओळ काढली, ठेकेदाराचं पत्र शेजारी ठेवलं. दोन्ही कागद जुळ्या बहिणींसारखे. साहेब म्हणाले, "वासनो उल्लेख ज नथी, भाई. वास लख्यो होत तो ते ज दिवसे लाइन बंध करी होत." म्हणजे वास लिहिला असता तर त्याच दिवशी पाणी बंद केलं असतं. हे त्यांनी अगदी सहज सांगितलं आणि वही मिटली. काकू मात्र तुझ्या टेबलाशी गेल्या. "मी वास म्हटलं होतं की नाही? गू म्हटलं होतं की नाही? तुझ्या कानावर गेलं होतं की नाही?" सगळी कचेरी बघत होती. तू वर पाहिलंस, एकदा काकूंकडे, एकदा माझ्याकडे. मग म्हणालीस, "जे लिहिलंय ते माझ्या हातचं आहे." एवढंच. माफ करा नाही, चुकलं नाही. काकू तुझ्या टेबलावर थुंकल्या. तू रुमालानं ते पुसलंस आणि रुमाल घडी करून कप्प्यात ठेवलास.

पुढे चौकशी झाली म्हणे. तू लिहून दिलंस, तक्रार नोंदवताना माझ्याकडून सौम्य शब्द वापरला गेला. तुला खिडकीवरून उठवून जुन्या फायलींच्या खोलीत बसवलं. तिथून तू निवृत्त झालीस. ठेकेदाराचं काही झालं नाही, त्याचं पत्र वहीशी जुळत होतं ना! काकू तुझ्याशी पुन्हा एक शब्द बोलल्या नाहीत. संक्रांतीला तू तिळगूळ घेऊन त्यांच्या दारात जायचीस, दार लागायचं, तू परत यायचीस, आणि दरवर्षी जायचीस. मी खिडकीतून बघायची आणि मला बरं वाटायचं. हो, बरं वाटायचं. घरात मी तुझ्याशी कामापुरतं बोलायची. बाबा म्हणायचे, "अगं, तिला पण लागलंय ते." मी म्हणायची, लागू दे. तू शेवटच्या आजारात माझा हात धरून काही तरी बोलू पाहत होतीस, तेव्हाही मी औषधाची वेळ झाली म्हणून उठले.

आता तक्रारी मोबाईलवरून होतात. यंत्रातली बाई विचारते, पाणी कमी असेल तर एक दाबा, दूषित असेल तर दोन. मी दरवेळी फोन हातात घेऊन विचार करते, त्या वेळी हे दोनचं बटण असतं तर. काकू अजून आहेत. नव्वदीला टेकल्यात, दिसत नाही, पण कान तल्लख. दादानं पुन्हा लग्न केलं नाही. बाबांच्या मागे मी याच घरात राहिले, माझी मुलं काकूंना आजी म्हणतात. काल संध्याकाळी त्यांना पेज भरवत होते. मध्येच त्यांनी माझं मनगट धरलं. म्हणाल्या, "तुझी आई दुष्ट नव्हती गं. वहिनीची वाडी तिनंच गुंफली. मग तिनं असं का लिहिलं असेल? मला मरायच्या आधी एवढं कळायला हवं होतं."

आई, तो फोन. काकूंनी सांगितलेलं मी तुला सांगितलंच नाही. तू 'बोलो बेन' म्हणालीस, तुझा तो कचेरीतला आवाज, आणि माझ्या तोंडून तो शब्द बाहेर पडेना. गटार म्हणायचीही मला लाज वाटली, तुझ्यापुढे. काकू मागे इतक्या ओरडत होत्या की माझं बोलणं त्यांना ऐकू गेलं नाही. त्यांचा आवाज तुझ्यापर्यंत जाऊ नये म्हणून मी रिसीव्हरला तळहाताचा आडोसा केला आणि म्हटलं, "बेन, पाणी थोडुं डहोळुं आवे छे, घटतुं करवा विनंती." जसं तू शिकवलंस तसं. तू ते शब्दन् शब्द उतरवून घेतलंस. आयुष्यात एकदाच तू कोणाची तक्रार जशीच्या तशी लिहिलीस, आणि ती माझी होती. संध्याकाळी तू रागावलीस, हे वर लिहिलंय. त्यानंतर काय म्हणालीस ते लिहिलं नाही. पानं मांडताना हळूच म्हणालीस, "बोललीस मात्र छान." आणि दुसऱ्या दिवशी त्याबद्दल चेवडा आणलास.

त्या दिवशी कचेरीत तू माझ्याकडे पाहिलंस तेव्हा मला वाटलं, आता तू सांगणार. तुझं एक वाक्य पुरलं असतं. ते तू तिथे सांगितलं नाहीस, चौकशीत नाही, बाबांना नाही, बंद दारापुढे तिळगूळ घेऊन उभी असतानाही नाही. मला एकटीला गाठून तरी एकदा विचारायचंस. मला ओरडायचंस. तू गप्प राहिलीस आणि मला तुझ्यावर रागावू दिलंस, वर्षानुवर्षं. मी रागावले, कारण ते सोपं होतं. अजूनही तुझा राग येतो. मला तशी घडवलीस म्हणून येतो, आणि मला वाचवलंस म्हणून जास्त येतो.

हे पत्र तुझ्या नावानं लिहिलं, कारण तुला ते पाठवावं लागत नाही. ज्यांना वाचून दाखवायला हवं, त्यांचं घर इथून तीन दारं पलीकडे आहे आणि त्या जाग्या आहेत, त्यांच्या खोकल्याचा आवाज येतोय. काल त्यांनी विचारलं तेव्हा मी चमच्यानं त्यांच्या हनुवटीवरची पेज पुसली आणि म्हटलं, "आईची सवयच होती ती, काकू."